जर्मनीहून आलेलं खाकी पाकीट: एल्डरबेरी मुंबईच्या स्वयंपाकघरात कशी वापरावी

गेल्या दिवाळीत माझी भाची जर्मनीहून आली. बॅगेतून चॉकलेटं निघाली, आमच्या ह्यांच्यासाठी लोकरीचे मोजे निघाले (मुंबईत!), आणि माझ्या हातात एक खाकी पाकीट आलं. "मामी, हे तुझ्या खोकल्यासाठी. तिकडे थंडी सुरू झाली की घरोघरी करतात." आत मिरीच्या आकाराचे काळे, सुरकुतलेले दाणे होते. वास मनुकांसारखा, पण मागे मातीचा. मी सवयीने एक दाणा तोंडात टाकणार, तोच ती ओरडली, "अगं मामी, कच्चं नाही खायचं ते!"

खोकल्यावर आणलेली वस्तू, आणि ती कच्ची खाल्ली तर पोट बिघडतं. तेव्हापासून मी या एल्डरबेरीच्या मागे लागले. वाचलं, भाचीला रात्री-अपरात्री फोन करून विचारलं, दोनदा सिरप फसवलं, तिसऱ्यांदा जमलं. आता ओळखीपाळखीत कुणाकडे असं पाकीट आलं की फोन माझ्याकडे येतो, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

झाड कसलं आहे

शास्त्रीय नाव सॅम्ब्युकस नायग्रा. मराठीत याला नाव नाही आणि ओढूनताणून ठेवूही नये, कारण ते आपल्याकडचं नाहीच. युरोपात मात्र शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला, पडक्या घराच्या मागे, जिथे माती कसदार असेल तिथे ते उगवतं. जर्मन लोक त्याला होलुंडर म्हणतात. साधारण दीड-दोन माणूस उंचीचं झुडूप, कधी त्याहून मोठं झाड. थंडीत पानं पूर्ण झडतात.

पान संयुक्त असतं. एका देठावर बहुतेक वेळा पाच, कधी सात पर्णिका, कडा करवती, आणि अशी पानं फांदीवर समोरासमोर येतात. पान चुरगाळलं की वास घाण येतो. मे-जूनमध्ये फुलं. एकेक फूल जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचं, मलईच्या रंगाचं, पाच पाकळ्यांचं, पण शेकडो फुलं मिळून तळहाताएवढा चपटा गुच्छ होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच गुच्छाला काळी-जांभळी फळं धरतात. देठ लालसर होतात आणि वजनाने अख्खा गुच्छ खाली मान घालतो.

ही ओळख मुंबईकराला कशाला हवी? हवी, कारण आमच्या सोसायटीतले एक काका बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून फिरून आले आणि मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाले, "वहिनी, तुमची ती एल्डरबेरी इथेच भरपूर आहे की." फोटोतलं झुडूप लीया कुळातलं होतं. दिंडा, कर्कणी अशा नावांनी ती झुडपं आपल्याकडे ओळखली जातात. साम्य खरंच आहे. संयुक्त पानं, करवती कडा, पावसाळ्यात फिकट फुलांचे चपटे गुच्छ, मग काळपट जांभळी फळं. फरक पाहायचा तर पानाचा देठ फांदीला कुठे चिकटलाय ते पाहा. एल्डरची पानं जोडीने, समोरासमोर येतात. लीयाची एक इकडे, पुढचं तिकडे. घाणेरीची काळी फळंही लोक दाखवतात, पण तिचं पान साधं, एकसंध आणि हाताला खरखरीत असतं, आणि तिची हिरवी कच्ची फळं विषारी असतात. थोडक्यात, मुंबईच्या रानात दिसलेली कुठलीही काळी फळं एल्डरबेरी समजून तोडू नका. ती नाहीत.

काश्मीरला ट्रेकला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथल्या कुरणांत एल्डरचाच एक भाऊबंद, सॅम्ब्युकस वाइटियाना, माजलेला असतो. त्याची फळं काळी नसतात, लालसर-नारिंगी असतात. तो आपल्या कामाचा नाही. खाऊ नका.

विष कुठे आहे आणि जातं कसं

हा भाग घाईने वाचू नका.

एल्डरच्या पानांत, सालीत, देठांत, मुळांत, कच्च्या फळांत आणि पिकलेल्या फळांच्या बियांत सॅम्ब्युनिग्रिन नावाचं द्रव्य असतं. पेशी चिरडल्या गेल्या की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. सायनाइड म्हटलं की आपल्याला पोलिसी मालिका आठवते, पण हे प्रकरण आपल्या स्वयंपाकघराला नवीन नाही. आपण एकादशीला खातो तो साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या कसाव्यातही याच जातीचं द्रव्य असतं. पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या बांबूच्या कोवळ्या कोंबांतही असतं. कोंब चिरून पाण्यात ठेवायचे, उकळायचे, ते पाणी ओतून द्यायचं, मग भाजी करायची, हे कोकणातल्या बायकांना कुणी रसायनशास्त्र शिकवून सांगितलेलं नाही. एल्डरबेरीचंही तेच आहे. युरोपातल्या आज्यांना नाव ठाऊक नव्हतं, पण फळ देठावरून सोडवायचं आणि शिजवायचं एवढं पक्कं ठाऊक होतं.

हे न पाळल्यावर काय होतं त्याचा नोंदलेला दाखला आहे. ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या माँटेरे परगण्यात एका मेळाव्यात तिथल्या रानटी एल्डरबेरीचा न शिजवलेला रस दिला गेला. तो काढताना फळांबरोबर पानं आणि फांद्याही दाबल्या गेल्या होत्या. रस पिऊन पंधरा मिनिटांत लोकांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. अकरा जण आजारी पडले आणि आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं. सगळे बरे झाले. पण "नैसर्गिक आहे, काय होतंय" म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतेच.

हायड्रोजन सायनाइडचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सियस आहे, म्हणजे मुंबईच्या डिसेंबरातल्या दुपारपेक्षाही कमी. त्यामुळे उघड्या भांड्यात उकळत ठेवलं की ते वाफेबरोबर निघून जातं. यातून स्वयंपाकघरातले तीन नियम निघतात. फळ कच्चं खायचं नाही, वाळलेलंसुद्धा. प्रेशर कुकर वापरायचा नाही, कारण वाफ बाहेर गेली पाहिजे (शिवाय फेस येऊन शिट्टी अडकते, तो आणखी एक ताप). आणि मिक्सर लावायचा नाही, कारण बिया फुटतात. हा तिसरा नियम मी पहिल्या वेळी मोडला होता. शिजलेली फळं "अर्क जास्त निघेल" म्हणून मिक्सरमधून काढली आणि सिरप इतकं कडू, तुरट झालं की ह्यांनी एक घोट घेऊन नुसतं माझ्याकडे पाहिलं.

विकत घेताना

ताजी फळं मुंबईत मिळत नाहीत. क्रॉफर्ड मार्केटला विदेशी फळांच्या गाळ्यावर ब्लूबेरी मिळेल, ब्लॅकबेरी मिळेल, ही नाही. मिळते ती वाळलेली, तीही बहुतेक ऑनलाइन किंवा माझ्यासारखी कुणाच्या बॅगेतून. तयार सिरप, गोळ्या आणि चघळायच्या रंगीत गमी औषधांच्या दुकानांत दिसतात.

वाळलेली घेताना पाकिटावर सॅम्ब्युकस नायग्रा हे नाव पाहा. नुसतं "बेरी मिक्स" असेल तर ठेवून द्या. भारतात विकलेल्या पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असायला हवा. मग दाणे ताटात पसरा, तांदूळ निवडतो तसे. बारीक देठाचे तुकडे, पानाचा चुरा, हिरवट किंवा तपकिरी, न पिकलेले दाणे बाजूला काढा. माझ्या पाकिटात शंभर ग्रॅमला चिमूटभर देठ निघाले. त्याहून बरेच जास्त निघाले तर माल चांगला नाही. दाणे एकमेकांना चिकटलेले, पांढुरकी बुरशी धरलेले, वास कुबट असेल तर सरळ फेका. पैसे गेल्याचं वाईट वाटेल, पण बुरशीचं पोटात जाणं परवडत नाही.

गमीबद्दल माझं मत विचाराल तर ती गोळीच्या वेषातली साखर आहे. लेबल वाचा, बहुतेकीत जस्त आणि क जीवनसत्त्व वेगळं घातलेलं असतं. तेच हवं असेल तर आवळा आहे.

सिरप: पायरीपायरीने

साहित्य: वाळलेली एल्डरबेरी १०० ग्रॅम (साधारण एक मोठा कप), पाणी १ लिटर, दालचिनीचा बोटभर तुकडा, लवंगा ३–४, आल्याचा इंचभर तुकडा ठेचून, मध २०० ते २५० ग्रॅम, एका मोठ्या लिंबाचा रस.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं घ्या. अॅल्युमिनियमचं आणि कल्हई उडालेलं पितळेचं नको. तेही खोल घ्या. उकळी येताना जांभळा फेस दुधासारखा वर येतो. दुसऱ्या वेळचं सिरप मी असंच फसवलं. कुरिअरवाला आला म्हणून दारात गेले, परत आले तर गॅसच्या शेगडीपासून ओट्याच्या कडेपर्यंत जांभळा ओघळ. पांढऱ्या फरशीच्या सांध्यात तो रंग अजून आहे.

निवडलेले दाणे गार पाण्यात एकदा झटकन खळबळून घ्या. फार धुवू नका, रंग जातो. मग लिटरभर पाण्यात तासभर भिजत ठेवा. वेळ नसेल तर भिजवणं वगळलं तरी चालतं. त्याच पाण्यासकट, दालचिनी-लवंग-आलं घालून, मोठ्या आचेवर उकळी आणा. खिडकी उघडी ठेवा किंवा एक्झॉस्ट लावा. उकळी फुटली की आच मंद करा, झाकण अजिबात ठेवू नका आणि ४०–४५ मिनिटं शिजू द्या. पाणी अर्ध्यावर यायला हवं. मी सुरुवातीला लाकडी उलथण्याचा दांडा भांड्यात उभा धरून पाण्याच्या उंचीवर पेनाने खूण करते. खुणेच्या निम्म्यावर आलं की झालं. काढा करताना आजी असंच करायची, फक्त तिच्याकडे पेनाऐवजी नख होतं.

या वेळात दाणे फुगून पुन्हा गोल होतात, मग फुटतात. उलथण्याने भांड्याच्या कडेला हलकेच दाबा, रगडू नका. गॅस बंद करून पाऊण तास निवू द्या.

गाळायला मलमलीचं किंवा जुन्या सुती धोतराचं फडकं, दुहेरी. गाळणी एकटी पुरत नाही, बारीक बिया निसटतात. फडक्याची पुरचुंडी करून चक्क्यासारखी पिळा. हात जांभळे होतील, दोन दिवस राहतील. लग्नाला जायचं असेल तर हातमोजे घाला. उरलेला चोथा फेकायचा, त्याची चटणी-वडी काही करत बसायचं नाही. आपल्या बायकांना टाकवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. त्यात बिया आहेत.

आता पातेल्यात साधारण अर्धा लिटर गडद रस असेल. बोट घातलं तर सोसवेल इतका कोमट झाला की मगच मध घाला. मध तापवू नये हे तुम्हाला घरात कुणी ना कुणी सांगितलेलंच असेल. इथे त्याला साधं कारणही आहे, उकळत्या रसात मधाचा वास पार उडून जातो. शेवटी लिंबू पिळा आणि पाहत राहा. निळसर जांभळा रंग एका क्षणात किरमिजी होतो. गोकर्णाच्या फुलांच्या निळ्या सरबतात लिंबू पिळल्यावर होतं तेच. अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं आंबटात लाल आणि साबणात निळी-हिरवी होतात. माझा पुतण्या शाळेतल्या लिटमस कागदापेक्षा यावर जास्त खूश झाला.

मध नको असेल तर खडीसाखर किंवा साखर घ्या, पण ती गाळलेल्या रसात घालून पाच मिनिटं उकळा. गुळाने चव दबते, मला नाही आवडलं.

प्यायचं कसं? मी एक मोठा चमचा सिरप कपभर कोमट पाण्यात घेते, दिवसातून एकदा-दोनदा, तेही घसा खवखवत असेल तेव्हा. चव जांभूळ आणि काळ्या मनुकांच्या मधली, किंचित तुरट. उन्हाळ्यात थंड सोड्यात घातलं तर सरबत म्हणून फर्मास लागतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात बाटली तशीच संपते.

मुंबईच्या हवेत टिकवणं

इथे युरोपातल्या पाककृती आपल्याला फसवतात. तिकडची आजी बाटल्या तळघरात ठेवते. आपल्याकडे जुलैत मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. शिवाय एल्डरबेरीला मुळात आंबटपणा बेताचा, त्यामुळे घरी केलेलं सिरप बाहेर ठेवून टिकेल असं समजू नका. लिंबू चवीसाठी आहे तसंच त्यासाठीही आहे.

काचेच्या छोट्या बाटल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून कोरड्या करा, सिरप भरा आणि फ्रीजमध्ये आत, मागच्या बाजूला ठेवा. दारात नको, तिथे सारखी उघडझाप होते. दोन ते तीन आठवड्यांत संपवा. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक खडा कपभर कोमट पाण्यात टाकला की काम झालं. ओला चमचा बाटलीत घालायचा नाही, हे लोणच्याच्या बरणीचं शिक्षण इथेही लागू. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, वर फेस दिसला किंवा ताडीसारखा वास आला की ओतून द्या.

वाळलेले दाणे मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये वर्षभर छान राहतात. पावसाळ्यात पाकीट उघडून क्लिप लावून कपाटात ठेवलंत तर गणपतीपर्यंत बुरशी नक्की.

फुलांचं निराळंच

युरोपात फळापेक्षा फुलावर लोकांचा जीव जास्त. वाळलेली फुलं मिळाली तर दोन चमचे कपभर उकळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटं झाकून ठेवायची आणि गाळून गरम प्यायची. दूध घालू नका. सर्दी-तापात घाम यावा म्हणून हा चहा शतकानुशतकं देत आले आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने सर्दीच्या सुरुवातीच्या लक्षणांसाठी एल्डरच्या फुलांचा वापर पारंपरिक वापर म्हणून मान्य केला आहे. पारंपरिक म्हणजे दीर्घकाळ वापरात असलेला, प्रयोगांनी सिद्ध झालेला नव्हे. हा फरक जाहिरातवाले खाऊन टाकतात.

ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात अख्खा फुलोरा देठाला धरून पिठात बुडवून तळतात. भाचीने व्हिडिओ पाठवला तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "हादग्याच्या फुलांची भजी ती. बेसन नाही एवढंच." खरंच तसंच आहे, फक्त वरून पिठीसाखर. खाताना जाड देठ टाकून द्यायचा. रुमानियात फुलं, लिंबू आणि साखर पाण्यात घालून काही दिवस उन्हात ठेवतात आणि किंचित फसफसलेलं सोकाता नावाचं पेय करतात. मुंबईच्या उकाड्यात हा प्रयोग करू नका. तीन दिवसांत पेय होण्याऐवजी स्फोट होईल.

आणखी जुने उपयोग

एल्डरच्या कोवळ्या फांदीत मऊ, पांढरा, थर्माकोलसारखा भेंड असतो. तो काढला की नळी उरते. पोरं त्याच्या पिपाण्या आणि फळांच्या गोळ्यांच्या बंदुका करायची. ते खेळणं तोंडात धरायचं नाही, हे आता आई-बाप सांगतात, कारण साल आणि लाकूड विषारी. तो भेंडही वाया जात नसे. घड्याळजी त्यात आपल्या बारीक चिमट्यांची टोकं खुपसून साफ करत. स्थिर विद्युत शिकवताना रेशमी दोऱ्याला टांगलेल्या ज्या हलक्या गोळ्या असायच्या, त्या याच भेंडाच्या करत.

फळांच्या रंगाने कापड रंगवत. वाइनलाही रंगवत, आणि त्यावरून राज्यकर्त्यांना मध्ये पडावं लागलं. अठराव्या शतकात पोर्तुगालमध्ये पोर्ट वाइन गडद दिसावी म्हणून तीत सर्रास एल्डरबेरीचा रस घालत. भेसळ इतकी वाढली की मार्क्विस ऑफ पोंबाल या मंत्र्याच्या कारभारात, पोर्टची द्राक्षं पिकतात त्या डोरू खोऱ्यातली एल्डरची झाडं उपटायचा हुकूम निघाला. उत्तर जर्मनीत आजही फळांचं गरम सूप करतात, त्यात सफरचंदाच्या फोडी आणि रव्याचे गोळे. भाचीच्या घरमालकीणबाई दर सप्टेंबरात करतात म्हणे.

डेन्मार्कमध्ये समजूत होती की या झाडात एक आई राहते. फांदी तोडायच्या आधी तिची परवानगी मागायची, नाहीतर ती पाठ सोडत नाही. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये म्हणणाऱ्या आपल्या आजीला ही गोष्ट सांगितली असती तर तिने मान डोलावली असती.

गुण येतो का?

सरळ उत्तर: थोडा येत असेल, छातीठोक सांगता येत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात फ्लूसारखी लक्षणं असलेल्या ६० जणांपैकी निम्म्यांना रोज चार वेळा १५ मिली सिरप पाच दिवस दिलं. त्यांना इतरांपेक्षा सरासरी चार दिवस आधी आराम पडला. तेच वाक्य बाटल्यांवर फिरतं. पण २०२० मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ८७ फ्लू रुग्णांवर अभ्यास केला, त्यात काहीच फायदा दिसला नाही. ते वाक्य बाटलीवर कुणी छापत नाही. साठ आणि सत्त्याऐंशी हे दोन्ही आकडे लहानच. त्यामुळे मी याला गरम, गोड, घशाला बरं वाटणारं पेय मानते, त्यापुढे नाही.

कोणी घेऊ नये, आणि कधी घेत बसू नये

वर्षाखालच्या बाळाला मध असलेलं सिरप कधीच नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळावं. संधिवातासारखे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारे आजार असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. मधुमेह असेल तर सिरपमधल्या गोडाचा हिशेब आलाच. घेतल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, गरगरणं यातलं काही झालं तर थांबा आणि डॉक्टरकडे जा. उरलेली बाटली बरोबर न्या.

मुंबईसाठी मोठी सूचना वेगळीच आहे. जून ते ऑक्टोबर इथे अंग तापलं तर ती सर्दी असेलच असं नाही. मलेरिया असू शकतो, डेंगी असू शकतो, साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर लेप्टोने किती घरांत हाहाकार उडवला ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलात, पायाला जखम असेल, तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारा. ताप असेल तर रक्त तपासा. पहिल्या पावसात आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने "सिरप चालू आहे" म्हणून चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी प्लेटलेट्सचा आकडा पाहून सगळ्यांची धावपळ झाली. ती बरी आहे. सिरप मी दिलेलं होतं, त्यामुळे ते चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

कुंडीत लावता येईल?

प्रत्येक जण हे विचारतो. नाही. झाडाला पानगळ व्हावी अशी खरी थंडी लागते, बी रुजायलाही आधी बराच काळ गारवा लागतो. आपला जानेवारी त्याला पुरत नाही. फ्रीजमध्ये बी ठेवून रोप काढणारे हौशी आहेत, पण गॅलरीत ते जगलं तरी फुलाफळाची आशा धरू नका. आणि परदेशातून फांदी किंवा बियाणं बॅगेत लपवून आणू नका. त्याला आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, ते उगाच नाही.

कुंडीतच काही लावायचं तर अडुळसा लावा. फांदी खोचली की लागतो, गुरं तोंड लावत नाहीत, कीड कमी, आणि मुंबईची हवा त्याला मानवते. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, म्हणजे खोकल्याच्या बाटलीत त्याचं वंशज बसलेलं असतं. पक्की पानं वाफवून रस काढायचा आणि मधातून चमचाभर घ्यायचा, तोही कफाच्या खोकल्यावर, दोन-चार दिवस. गरोदरपणात मात्र अडुळसा अजिबात नको, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं.

या वर्षी भाचीने फोनवर विचारलं, "मामी, अजून एक पाकीट आणू?" मी म्हटलं, आण, पण फुलं आण. दाणे आहेत अजून अर्धी बरणी, फ्रीजमध्ये, मेथीदाण्याच्या मागे. गाळायचं ते धोतराचं फडकं गॅलरीतल्या दोरीवर वाळतंय. साबणाने धुतलं तिथे ते शेवाळी निळं झालंय, आणि एका कोपऱ्यावर लिंबू सांडलं होतं तेवढाच भाग अजून गुलाबी आहे.